आखाजीसाठी शीअर लाल: जळगावात राहून महागडी लिपस्टिक निवडताना

मॅट लाल लिपस्टिक निवडणं त्या मानाने सोपं. तिच्यात रंगद्रव्य भरपूर असतं, तिच्याखाली ओठ पूर्ण झाकला जातो आणि नळीत दिसतो जवळपास तोच रंग ओठांवर येतो. शीअर लाल तशी नाही. तिच्यातून ओठ दिसत राहतो, त्यामुळे दिसणारा रंग अर्धा नळीतला आणि अर्धा आपला. आळता आठवा. एकाच बाटलीतला आळता एकीच्या पायावर गुलाबी दिसतो आणि दुसरीच्या पायावर मरून. शीअर लिपस्टिकचं अगदी तसंच आहे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पहिली नळी चुकली नसती. जानेवारी ते एप्रिल २०२५ या चार महिन्यांत काय केलं, किती खर्च आला, कुठे थांबावं लागलं, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळकडे राहणाऱ्या आणि जवळ मोठं काउंटर नसणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग व्हावा.

६ जानेवारीला ठरवलं की ३० एप्रिलच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एक चांगली शीअर लाल घ्यायची. बजेट ₹९,०००, येण्याजाण्याच्या खर्चासकट. महागडीच का, तर शीअर प्रकारात तेलाचं प्रमाण जास्त असतं. तेल आणि मेण यांचं गणित नीट जमलेलं नसेल तर लिपस्टिक ओठांच्या रेषांतून बाहेर पसरते किंवा तासाभरात नाहीशी होते. स्वस्तात चांगली शीअर मिळतच नाही असं नाही. पण मला फरक स्वतः लावून बघायचा होता.

पहिला महिना जळगावातच गेला आणि तो फुकट गेला नाही. फुले मार्केट आणि गोलाणी मार्केट या भागातल्या दुकानांत रोजच्या वापराच्या कंपन्या मिळतात, महागड्या विदेशी कंपन्यांचे टेस्टर (लावून बघायला ठेवलेल्या नळ्या) मला तिथे दिसले नाहीत. पण आपल्याला कोणत्या बाजूचा लाल शोभतो, हे कळायला महागडी नळी लागतच नाही. ११ जानेवारीला दोन स्वस्त टिंटेड लिपस्टिक घेतल्या, एक निळसर लाल आणि एक केशरी लाल. दोन्ही मिळून ₹६४०. या खर्चाने पुढची खरेदी बरीच सोपी केली.

निळसर कोणती आणि केशरी कोणती हे नळीकडे बघून कळत नाही, दोन्ही नुसत्या लाल दिसतात. त्यासाठी पांढरा कागद घ्या. लिपस्टिकचा एक ठिपका लावा आणि बोटाने तो लांबवर ओढत न्या, इतका की शेवटी रंगाची फक्त झाक उरेल. त्या पातळ टोकाकडे बघा. तिथे गुलाबी किंवा जांभळट झाक दिसली तर लाल निळसर आहे, केशरी किंवा पिवळट दिसली तर केशरी. जाड थरात लपलेली छटा पातळ थरात उघडी पडते आणि शीअर लिपस्टिक ओठांवर पातळ थरातच बसते. म्हणून कागदावर बघायचा तो ओढलेल्या टोकाचा रंग. ठिपक्याच्या रंगावर जाऊ नका.

माझे ओठ तपकिरी-जांभळट आहेत आणि खालचा ओठ वरच्यापेक्षा फिका आहे. आपल्याकडे हे अगदी नेहमीचं. अशा ओठांवर केशरी शीअर लाल विटकरी होते. ओठाचा तपकिरी रंग त्यातला उजळपणा खाऊन टाकतो. निळसर शीअर लाल मात्र डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसते. गुलाबी ओठांवर उलटं होतं. तिथे केशरी लाल ताजी, पोवळ्यासारखी दिसते आणि निळसर लाल कधीकधी नुसती गुलाबी होऊन जाते. आणखी एक गोष्ट आरशात दिसली. कपाळावर कुंकू किंवा लाल टिकली असेल तर लिपस्टिकचा लाल तिच्याशी ताडून बघावा लागतो. शेंदराकडे झुकणारी टिकली आणि जांभळट ओठ हे एकमेकांना मारतात. मरून टिकली डाळिंबी ओठांबरोबर छान जाते. टिकलीचं पाकीट सोबत ठेवूनच शेड बघा.

इथवर कळलं होतं, तरी १८ जानेवारीला घाई केली आणि पहिली महागडी नळी ऑनलाइन मागवली. क्लिनिक (Clinique) या कंपनीची ऑलमोस्ट लिपस्टिक, शेड ब्लॅक हनी. ही शेड मुळात १९७१ मधली, तेव्हा ती छोट्या डबीतला ग्लॉस म्हणून आली होती. आत्ताच्या सडपातळ नळीच्या रूपात ती १९८९ पासून आहे. नळीत जवळजवळ काळी दिसते आणि ओठांवर पातळ, जांभळासारखी उतरते. शीअर म्हणजे काय हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. किंमत ₹२,५०० च्या आसपास पडली, पार्सल सहा दिवसांनी, २४ तारखेला आलं. मागवण्याआधी पिनकोड टाकून बघा. महागड्या विभागातल्या बऱ्याच वस्तूंना आपल्याकडच्या पिनकोडवर कॅश ऑन डिलिव्हरी मिळत नाही, पैसे आधीच भरावे लागतात. आणि सील उघडलेली लिपस्टिक परत घेतली जात नाही, ते स्वच्छतेच्या दृष्टीने योग्यच आहे.

शेड सुंदर होती, पण माझ्या ओठांवर ती वाइन रंगाची झाली. लाल म्हणता येईना. चूक माझ्या निवडीची होती. स्क्रीनवरचा फोटो गुलाबी ओठांच्या मॉडेलचा होता आणि मी रंग त्या ओठांवर बघून पसंत केला होता. ऑनलाइन बघायचंच असेल तर आपल्यासारखे गडद ओठ असलेल्या बायकांनी टाकलेले फोटो शोधा, तेही बिनालिपस्टिकचा ओठ शेजारी दाखवणारे. हातावर ओढलेल्या रेघांचे फोटो शीअरच्या बाबतीत बिनकामाचे. मनगटाची आतली कातडी फिकी असते, ओठ तसा नसतो.

मग मुंबईला जायचं ठरलं. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, रात्री बसलं की सकाळी दादर. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी एकशेवीस दिवस होते), लग्नसराईत शनिवारची तिकिटं लवकर संपतात. मला १५ फेब्रुवारीचं मिळालं. स्लीपरने येऊन-जाऊन ₹६०० च्या आसपास, लोकल, जेवण आणि किरकोळ धरून दिवसाचा एकूण खर्च ₹१,३०० झाला. दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल धरली की प्रभादेवीनंतर लोअर परळ, तिथून पॅलेडियम मॉल चालत. दुकानं अकराला उघडतात आणि गाडी तर पहाटे पोचवते. तो मधला वेळ दादर स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, नाश्ता करून काढला. त्याचा एक फायदा झाला: नाश्ता आधी उरकल्यामुळे पुढचे चार तास ओठांना तेल-तिखट लागलं नाही.

जाताना पर्समध्ये काय होतं ते सांगते, कारण याच वस्तूंनी काम झालं. मायसेलर वॉटरची (मेकअप पुसायच्या पाण्याची) छोटी बाटली, कापूस, पांढरा कागद, टिकलीचं पाकीट, सोन्याची एक बांगडी (पिवळ्या सोन्याशेजारी लाल कसा दिसतो ते बघायला), पेन, वही आणि कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायच्या दोन नव्या डब्या. चष्म्याच्या दुकानात त्या ₹४०-५० ला मिळतात. काउंटरवरच्या मुलीला विनंती केली तर ती टेस्टरचा शेंगदाण्याएवढा तुकडा स्पॅट्युलाने काढून डबीत देते. सगळीकडे देतात असं नाही. मला चार ठिकाणी विचारून दोन ठिकाणी मिळाला. घरी येऊन तीन दिवस लावून बघायला तेवढा पुरतो. दुकानातल्या दहा मिनिटांत कळत नाही ते इथे कळतं.

टेस्टरबद्दल स्पष्ट लिहिते. टेस्टर थेट ओठांना लावू नका, कितीही चांगलं दुकान असलं तरी. ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू अशा उष्ट्या वस्तूंतून पसरू शकतो. वरचा थर टिश्यूने पुसायला सांगा, त्यावर सत्तर टक्के अल्कोहोलचा फवारा मारून वाळू द्या आणि मग एकदाच वापरून फेकायच्या कांडीने रंग काढून घ्या. एका ठिकाणी कांड्या संपल्या होत्या. तिथे मी ओठांना काहीच लावलं नाही, बोटाच्या पेरावर बघितलं. बोटाच्या टोकाची कातडी मनगटापेक्षा ओठाच्या रंगाला जवळची असते, अंदाज बराच बरोबर येतो.

एका दिवसात ओठांवर तीन, फार तर चार शेड. त्यापुढे निकाल खोटे यायला लागतात. पुसून पुसून ओठ लाल होतात आणि मग प्रत्येक शेड जास्त लाल दिसते. शिवाय काही लिपस्टिकमधली रंगद्रव्यं ओठ रंगवून ठेवतात, पुसलं तरी डाग उरतो, आणि पुढची शेड त्या डागावर बसते. दोन शेडमध्ये पंधरा मिनिटं थांबत होते. तुलना करायची तर अर्धा-अर्धा ओठ: डावीकडे एक, उजवीकडे दुसरी. पूर्ण ओठांवर एकापाठोपाठ एक लावलं तर आधीची आठवणीत राहत नाही.

मोजून एक, दोन, तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हातानंतर बघायचं. काही शीअर लिपस्टिक दुसऱ्या हातापर्यंत वाढतात आणि तिथेच थांबतात, वर कितीही फिरवा, फक्त चकचकीत होतात. काही तिसऱ्या हाताला चांगल्या गडद होतात. दुसऱ्या प्रकारची जास्त उपयोगाची, ऑफिसला एक हात आणि लग्नाला तीन.

काउंटरवरचा उजेड पिवळसर असतो आणि आरशाभोवतीचे दिवे चेहऱ्याला सरळ धुऊन काढतात. प्रत्येक वेळी मुलीला सांगून मॉलच्या काचेच्या भिंतीपाशी जात होते. फोटो घेताना हनुवटीखाली पांढरा कागद धरा, म्हणजे मोबाइल रंग ओढूनताणून बदलत नाही, आणि कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बंद करा. एकदा तो चालू राहिला आणि दोन शेडचे फोटो हुबेहूब सारखे आले.

त्या दिवशी काय काय बघितलं? डिओर अॅडिक्ट लिप ग्लो, शेड ०१५ चेरी. हा रंगीत बाम आहे, ओठांशी संपर्क आल्यावर रंग खुलतो अशी त्याची ख्याती. ओठांवर आल्यावर रंग बदलणाऱ्या बाममध्ये सामान्यपणे असे रंग वापरतात, जे ओठांची ओल आणि आम्लता यांनी गुलाबी होतात. माझ्या ओठांवर तो गुलाबीच आला, लाल नाही. ओठ कोरडे पडणाऱ्यांना रोजच्यासाठी उत्तम, पण मी ज्या कामाला गेले होते त्यासाठी नव्हे. मॅकची लेडी बग ही टोमॅटोसारखी, पिवळ्याकडे झुकणारी लाल, ती जुनी आणि प्रसिद्ध शेड. माझ्यावर ठरल्याप्रमाणे विटकरी झाली. माझ्या नणंदेचे ओठ गुलाबी आहेत, तिच्यासाठी असाच केशरी लाल शोभेल अशी नोंद वहीत केली. शेवटी शनेलची रूज कोको फ्लॅश. २०१९ मध्ये आलेली ही लाइन चकचकीत आणि पातळ रंगाची आहे. तिच्यातल्या दोन लाल बघितल्या, एक उबदार आणि एक थंड. थंडवाली दोन हातांत डाळिंबी झाली, कपाळावरच्या मरून टिकलीशी जुळली, सोन्याच्या बांगडीशेजारी मळकट दिसली नाही. शेडचा नंबर मुद्दाम देत नाही. तुमच्या ओठांवर ती कदाचित गुलाबी होईल आणि तुम्ही नंबर बघून मागवाल, जशी मी ब्लॅक हनी मागवली.

तरी लगेच घेतली नाही. कांडीने लावून, पुसायचं नाही असं ठरवून दोन तास फिरले. पाणी प्यायले, चहा प्यायले. चहाच्या कपावर रंगाचा अर्धा भाग गेला, पण उरलेला अर्धा ओठांवर सारखा राहिला, मधे पांढरा आणि कडेला लाल असं झालं नाही. शीअर टिकाऊ नसते, ही तक्रार नव्हे. तिचा गुण असा की आरशाशिवाय पुन्हा लावता येते. झिजते ती कशी, हे बघायचं. एकसारखी झिजली तर चांगली. मधे गेली आणि कडेला रेघ राहिली तर नको. दुपारी तीनला घेतली, ₹४,००० च्या आसपास. बिल सांभाळून ठेवा, एमआरपीत अठरा टक्के जीएसटी धरलेला असतो, वर वेगळा कर मागितला तर देऊ नका.

डबा उघडण्याआधी तिथेच उलटून वाचला. आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनाला आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे नोंदणी लागते. म्हणून डब्यावर किंवा चिकटवलेल्या कागदावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता असायला हवा. त्याशिवाय एमआरपी, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, निव्वळ वजन. हे स्टिकर नसेल आणि किंमत निम्मी सांगत असतील तर ती वस्तू घेऊ नका, मग दुकान कोणतंही असो. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम, १८ एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने वापरायची. उघडल्याची तारीख नळीच्या तळाशी बारीक पेनने लिहून ठेवते.

घटकांची यादी रोमन लिपीत असते, पण तिथले रंगांचे आकडे (सी.आय. या अक्षरांपुढचे) सगळीकडे सारखे. शाकाहारी घरांत हे महत्त्वाचं आहे: सी.आय. ७५४७० म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल. लाल लिपस्टिकमध्ये तो वरचेवर आढळतो. जैन घरांत आणि महानुभाव पंथाच्या घरांत हे विचारलं जातं, तेव्हा आकडा पाठ ठेवा. मधमाशांचं मेणही यादीत असू शकतं. सी.आय. ७७८९१ हा टायटॅनियम डायऑक्साइड, रंगाला झाकण्याची ताकद देणारा पांढरा. शीअर लिपस्टिकमध्ये तो कमी असतो किंवा नसतो. यादीत तो रंगांच्या आधीच वर आला असेल तर ती शीअर म्हणून विकत असले तरी बरीच झाकणारी निघू शकते. सी.आय. ४५३८० आणि ४५४१० हे ओठ रंगवून ठेवणारे रंग. काहींना यांनी ओठ सोलतात, अशांनी ते टाळावेत. शिसं असतं का, असं आमच्याकडे मोठ्या बायका हमखास विचारतात. भारतात सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या रंगात शिसं २० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत २० भाग) जास्त चालत नाही, असा नियम आहे. लिपस्टिकसाठी आयएस ९८७५ हे भारतीय मानकही आहे.

१६ फेब्रुवारीला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी सराफाकडे गेले. जळगाव सोन्याचं गाव, दशांश दोनपर्यंत वजन दाखवणारा काटा इथे गल्लोगल्ली आहे. ओळखीच्या सराफांनी टोपण काढून नळी ठेवू दिली. २१.८६ ग्रॅम. पुढचे चौदा दिवस रोज तीन वेळा, दर वेळी दोन हात, असं नेमाने लावलं. ३ मार्चला पुन्हा वजन केलं, २१.४४ ग्रॅम. म्हणजे चौदा दिवसांत ०.४२ ग्रॅम, दिवसाला ३० मिलिग्रॅम. या नळीत तीन ग्रॅम लिपस्टिक असते, म्हणजे शंभर दिवस. क्लिनिकच्या सडपातळ नळीत १.९ ग्रॅम, म्हणजे त्रेसष्ट दिवस. ₹४,००० ला शंभरने आणि ₹२,५०० ला त्रेसष्टने भागलं, तर दोन्हीकडे दिवसाला ₹४० च येतात. छोटी नळी स्वस्त वाटते ती फक्त बिल भरताना. किंमत ग्रॅममागे काढा. आणि शेवटचा अर्धा ग्रॅम नळीच्या वाटीत अडकतो, तो ब्रशने काढून वापरायचा, टाकून द्यायचा नाही. डिओर अॅडिक्टची नळी २०२२ पासून रिफिल होणारी आहे. अशी नळी आवडली तर काउंटरवर रिफिलची किंमत आधीच विचारून ठेवा, दुसऱ्या वेळेपासून हिशोब बदलतो.

याच पंधरवड्यात जेवणाच्या कसोट्या झाल्या. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी: भरितात तेल आहे, पण भाकरी तोडून छोटे घास घेतले तर कडेचा रंग वाचतो. दाळ-बट्टी: बट्टीवरच्या तुपाने सगळा रंग दहा मिनिटांत गेला. शेवभाजी सर्वांत कठीण. तिची तर्री म्हणजे तिखट तेल, आणि लिपस्टिकमधलं मेण-तेल तेलातच विरघळतं. शेवटी ओठ नुसते लाल दिसतात ते तिखटाने. तेलकट जेवणाआधी टिश्यूने लिपस्टिक टिपून काढायची आणि नंतर परत लावायची. वरून पावडर मारून ती वाचवण्याच्या नादाला लागू नका, शीअरची पारदर्शक चमक मरते आणि तर्रीपुढे पावडरही टिकत नाही.

मार्च संपता संपता ऊन वाढलं आणि नवी अडचण आली. पसरणं. वरच्या ओठाच्या बारीक रेषांतून रंग वर चढायला लागला, जानेवारीत तसं होत नव्हतं. उन्हात लिपस्टिक मऊ पडते, घामही येतो. उपाय दोन निघाले. लावण्याआधी लिप बाम अगदी पातळ, आणि पाच मिनिटांनी तो टिश्यूने टिपायचा. बामचा थर राहिला तर वरची लिपस्टिक घसरते. दुसरं, आपल्या ओठाच्याच रंगाची, मेणकट लिप लायनर फक्त कडेने. लाल लायनर नको, शीअरमधून ती रेघ वेगळी दिसते. वरच्या ओठाच्या मधोमध दोन हात आणि कडेला बोटाने थापून, असं लावलं की चढणं थांबलं.

२८ मार्चला नणंदेसाठी केशरीकडे झुकणारी एक शीअर नळी ऑनलाइन मागवली, ₹२,००० ची. ४ एप्रिलला पार्सल आलं तेव्हा बाहेर कडक ऊन होतं आणि डबा हाताला गरम लागत होता. उघडली तर नळीवर तेलाचे बारीक थेंब आणि आतली लिपस्टिकची कांडी एका बाजूला वाकलेली. थेंब आले म्हणजे लिपस्टिक खराबच झाली असं नाही. तापमान वर-खाली झालं की मेणाच्या जाळीतलं तेल बाहेर येतं, शीअरमध्ये तेल जास्त म्हणून थेंबही जास्त. टिश्यू नुसता टेकवून ते टिपून घेतले, नळी थंड जागी एक दिवस उभी ठेवली, तर बऱ्याचदा पूर्ववत होते. पण वाकलेली, तळाशी सुटलेली कांडी नवी म्हणून स्वीकारायची नाही. मी पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता, डब्यावरचा पत्ता आणि सील दिसेल असा, मधे न तोडता. तो नसता तर तक्रार टिकली नसती. तक्रार त्याच दिवशी ॲपवर केली, पहिलं उत्तर आलं की सौंदर्यप्रसाधनं परत घेत नाहीत. मग लिहिलं की ही नापसंतीची परतफेड नाही, खराब माल मिळाल्याची आहे, सोबत व्हिडिओ, बिल आणि बॅच क्रमांक जोडले. तीन दिवसांनी मान्य झालं, बाराव्या दिवशी, १६ एप्रिलला पैसे खात्यात आले. असं अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. मला ती वेळ आली नाही.

आखाजीला चौदा दिवस उरले होते. पार्सलवर पुन्हा विसंबायला नको म्हणून पुण्याहून येणाऱ्या मामेबहिणीला तीच शेड दुकानातून घ्यायला सांगितली. तिने ती नळी पाण्याच्या थंड बाटलीशेजारी, रुमालात गुंडाळून, हातातल्या पिशवीत आणली. डिकीत ठेवली नाही, बसच्या खिडकीकडे ठेवली नाही. २६ तारखेला नळी अगदी ताठ उतरली. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. एका दुपारीत कांडी बसते. मार्च ते जून पार्सल मागवावंच लागलं तर पत्ता घराऐवजी सकाळी उघडणाऱ्या दुकानाचा किंवा ऑफिसचा द्या आणि ते दिवसभर गाडीत फिरणार नाही असं बघा.

घरात ठेवायलाही जागा शोधावी लागली. फ्रिजच्या दारात ठेवता येते, पण नळी बाहेर काढल्यावर तिच्यावर दमटपणा धरतो आणि कांडी इतकी कडक होते की फिरवताना मोडते. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायची आणि लावण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर. मी शेवटी स्टीलच्या छोट्या डब्यात घालून माठाच्या तिवईखाली ठेवली. तिथे दिवसभर गारवा असतो, फ्रिजसारखा टोकाचा नाही. नळी उभी, आणि लावताना कांडी तीन-चार मिलिमीटरच वर काढायची. उन्हाळ्यात पूर्ण वर काढलेली शीअर कांडी हमखास तळाशी मोडते. मोडलीच तर दोन्ही तुटक्या टोकांना काडीची आच दोन सेकंद दाखवून एकमेकांवर टेकवायची, कड बोटाने सारखी करायची आणि अर्धा तास फ्रिजमध्ये उभी ठेवायची. जुन्या स्वस्त नळीवर हे करून बघितलं, जोड टिकला.

३० एप्रिलला सकाळी झोक्याच्या आधी दोघींनी आपापली लावली. माझी डाळिंबी, नणंदेची पोवळ्यासारखी. मग गंमत म्हणून वापरून फेकायच्या कांडीने अर्ध्या-अर्ध्या ओठावर अदलाबदल केली. तिची माझ्यावर विटकरी झाली, माझी तिच्यावर गुलाबी. आत्याबाईंनी दोघींचे ओठ निरखून बघितले, माझ्या डाळिंबी अर्ध्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आते बरं दिखस." (अहिराणीत, आता बरं दिसतं.) आंब्याचा रस आणि मांडे खाऊन झाल्यावर दोघींना पुन्हा लावावी लागली, एकेक हात, आरशाशिवाय.

एकूण खर्च: स्वस्त दोन ₹६४०, ब्लॅक हनी ₹२,५००, मुंबईचा दिवस ₹१,३००, शनेल ₹४,०००, नणंदेची ₹२,०००. बेरीज ₹१०,४४०, बजेटपेक्षा ₹१,४४० जास्त. ब्लॅक हनी वाया गेली नाही. थंडीत एक हात ब्लॅक हनीचा आणि वर मधोमध एक हात लाल, असं लावलं की लाल जास्त खोल दिसते. पुढची नळी ऑक्टोबरनंतरच मागवणार आहे, पार्सल थंड रस्त्याने येईल तेव्हा.